विझण्याचीही नोंद हवी

एका क्वांटम डॉटवर, म्हणजे काही नॅनोमीटरच्या स्फटिकावर, लेझरचा एकसारखा झोत धरून ठेवला, तरी तो डॉट एकसारखा उजळत नाही. उजळतो, मध्येच विझतो, पुन्हा उजळतो. विझणं कधी काही मिलिसेकंदांचं, कधी कित्येक सेकंदांचं. झोत तोच असतो, डॉटही तोच. १९९६ साली ‘नेचर’मधल्या एका शोधनिबंधाने ही गोष्ट जगापुढे मांडली. तेव्हा डॉट कॅडमियम सेलेनाइडचा होता. त्या निबंधाच्या लेखकांमध्ये मुंगी बावेंडी आणि लुईस ब्रुस ही दोन नावं होती. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल क्वांटम डॉटसाठी देण्यात आलं, तेव्हा अलेक्सी एकिमोव्ह यांच्या जोडीला हेच दोघे होते. आता डॉट का विझतो हा प्रश्न पेरोव्हस्काइट नावाच्या नव्या पदार्थाच्या डॉटबाबत जगभर विचारला जातो आहे, आणि त्याच्या उत्तरातला महत्त्वाचा भाग पुण्यात आणि पवईत सापडलेला आहे.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतला अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. एवढ्या सूक्ष्म कणाच्या लुकलुकण्याबद्दल वर्तमानपत्रात लिहावं असं मला वाटलं, ते आपल्या प्रात्यक्षिकांच्या वह्यांमुळे. त्या वह्यांमध्ये मुलं पाच रीडिंग घेतात, त्यांतलं जे वेडंवाकडं येईल ते खोडरबराने पुसतात आणि उरलेल्यांची सरासरी काढतात. आम्ही शिक्षक त्यावर सही करतो. ज्या जिल्ह्यात देशातली सर्वांत नाजूक मोजणी करणारी वेधशाळा उभी राहणार आहे, त्या जिल्ह्यातल्या मुलांना वेडंवाकडं रीडिंग पुसायची सवय लावणं थांबलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. क्वांटम डॉटची हकीकत त्या मताच्या बाजूने मला मिळालेला सगळ्यांत भक्कम पुरावा आहे.

आधी डॉटकडे पाहू. पेरोव्हस्काइट हे मूळचं एका खनिजाचं नाव. १८३९ साली गुस्ताव रोझे यांनी उरल पर्वतातल्या नमुन्यात ते ओळखलं आणि लेव्ह पेरोव्हस्की या रशियन खनिजप्रेमी अधिकाऱ्याचं नाव त्याला दिलं. त्याच्या अणूंची जी मांडणी आहे, तशी मांडणी असलेल्या सगळ्याच पदार्थांना पुढे पेरोव्हस्काइट म्हणू लागले. आपण ज्याबद्दल बोलतोय ते आहे सीझियम लेड ब्रोमाइड. त्याचे दहा-अकरा नॅनोमीटरचे स्फटिक द्रावणात बनवता येतात. माणसाचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून आकाराचा अंदाज यावा. या स्फटिकांवर जांभळा किंवा अतिनील प्रकाश टाकला की ते झळझळीत हिरवे दिसतात. ब्रोमाइडऐवजी आयोडाइड घातलं तर लाल, क्लोराइड घातलं तर निळ्या-जांभळ्याकडे. यात शिसं आहे, ही काळजीची बाब खरी आहे आणि ती कुणी लपवू नये.

प्रकाश पडला की स्फटिकातला एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि मागे त्याची रिकामी जागा राहते. तिला होल म्हणतात. काही नॅनोसेकंदांत इलेक्ट्रॉन त्या जागेत परत येतो आणि मधली ऊर्जा फोटॉन होऊन बाहेर पडते. सेकंदात हे असंख्य वेळा घडतं, म्हणून डॉट उजळलेला दिसतो. आता समजा, एखाद्या वेळी होल स्फटिकाच्या पृष्ठभागावरच्या एखाद्या दोषात अडकून बसला. आत एक इलेक्ट्रॉन जास्तीचा उरला, म्हणजे डॉटवर विद्युतभार आला. पुढच्या वेळी प्रकाश पडून नवी जोडी तयार होते, पण ती जुळताना जी ऊर्जा मोकळी होते ती फोटॉन होऊन बाहेर न पडता त्या जास्तीच्या इलेक्ट्रॉनला मिळते. तो उसळतो आणि ती ऊर्जा स्फटिकात उष्णता म्हणून जिरवून टाकतो. प्रकाश नाही. अडकलेला होल सुटेपर्यंत डॉट काळाच राहतो. हे स्पष्टीकरण एफ्रोस आणि रोझेन यांनी १९९७ मध्ये मांडलं. ऊर्जा अशी तिसऱ्याच्या पदरात पडण्याला ऑजे परिणाम म्हणतात. अणूंमधला अशाच प्रकारचा परिणाम लिझे माइट्नर यांनी पियेर ऑजे यांच्या आधी, १९२२ मध्ये छापला होता, हे मी वर्गातल्या मुलींना मुद्दाम सांगते.

स्पष्टीकरण सुंदर होतं, आणि बऱ्याच जणांना वाटलं की प्रश्न मिटला. मिटला नाही, कारण काही लोक त्या विझण्याच्या नोंदी चिकाटीने मोजत बसले. २००० साली डेव्हिड नेस्बिट यांच्या गटाने कॅडमियम सेलेनाइडच्या डॉटबद्दल दाखवलं की विझून राहण्याला ठरावीक काळ असा नाहीच. छोटी विझणी पुष्कळ, मोठी थोडी, फार मोठी अगदी विरळ, पण असतातच. आणि त्यांचं प्रमाण ज्या गणिती नियमाने घटतं, तो नियम असा आहे की विझण्याचा सरासरी काळ काढायला जावं तर तो स्थिरच होत नाही. जितका वेळ जास्त पाहाल तितकी सरासरी वाढत जाते, कारण आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठं एखादं विझणं पुढे येऊन सगळा हिशेब बदलून टाकतं. बारावीच्या मुलांना हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. सरासरी ही नेहमी काढता येतेच, हे त्यांनी सातवीपासून धरून ठेवलेलं असतं.

मग २०११ मध्ये लॉस अलामॉस इथल्या संशोधकांनी आणखी एक पाऊल टाकलं. डॉटचा नुसता उजेड न मोजता, प्रत्येक क्षणी त्या उजेडाचं आयुष्यही त्यांनी मोजलं, म्हणजे प्रकाश पडल्यापासून फोटॉन बाहेर यायला किती वेळ लागला ते. विद्युतभारामुळे विझत असेल तर उजेडाबरोबर आयुष्यही घटायला हवं. काही डॉटमध्ये तसं झालं. काहींमध्ये मात्र उजेड घटला आणि आयुष्य जसंच्या तसं राहिलं. म्हणजे तिथे चाललं होतं ते वेगळंच: वर उसळलेला इलेक्ट्रॉन उजेड देण्याच्या पातळीपर्यंत उतरायच्या आतच पृष्ठभागावरच्या सापळ्यात पकडला जात होता. जे निसटून खाली पोचत होते, ते नेहमीच्याच वेळात नेहमीचाच उजेड देत होते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही विझणी सारखीच. कारणं दोन.

पेरोव्हस्काइट या गोष्टीत आला तो २०१५ मध्ये. झुरिचला माक्सिम कोवालेंको यांच्या गटाने सीझियम लेड हॅलाइडचे स्फटिक बनवून दाखवले. त्याच वर्षी पुण्याच्या आयसरमधले अंशुमन नाग आणि पवईच्या आयआयटी मुंबईतले अरिंदम चौधुरी यांच्या गटांनी मिळून या स्फटिकांचा उजेड एकेक कण वेगळा करून तपासला. सगळ्यांचा मिळून उजेड भरघोस होता, शोषलेल्या प्रकाशापैकी सुमारे ९० टक्के परत येत होता. कॅडमियमच्या डॉटला एवढं साधायला बाहेरून दुसऱ्या पदार्थाचं कवच चढवावं लागतं. इथे कवच नव्हतंच. एकेकटे पाहिले तर बहुतेक कण ८५ टक्क्यांहून अधिक वेळ उजळलेले राहिले. लुकलुक बरीच कमी होती, पण संपलेली नव्हती.

कवचाशिवाय एवढा उजेड कसा? या पदार्थात दोष तर भरपूर असतात. ब्रोमाइडचा आयन जागा सोडून गेलेला असतो, जाळी मऊ असते, आयन प्रकाशात इकडेतिकडे सरकतात. पण यांतले बहुतेक दोष इलेक्ट्रॉनला खोल अडकवत नाहीत, काठावर थोडा वेळ धरतात आणि सोडतात. म्हणून दोष असूनही उजेड टिकतो. मग विझतो कधी? पृष्ठभागावर स्फटिकाला सावरून धरणारे ओलेइक आम्ल आणि ओलेइल अमाइनसारखे रेणू बांधलेले असतात. त्यांची पकड सैल असते. ते निघून जातात, पुन्हा येऊन बसतात. जिथून निघाले तिथे शिशाचा अणू उघडा पडतो, शेजारचा ब्रोमाइड सुटतो, आणि मघापर्यंत नसलेला सापळा काही वेळापुरता तयार होतो. रेणू परत बसला, आयन सरकून जागेवर आला, की सापळा नाहीसा. हवेतली आर्द्रता, ऑक्सिजन, लेझरचा जोर, सगळ्यांचा यात हात असतो. मला वाटतं पेरोव्हस्काइटचं खरं वैशिष्ट्य इथेच आहे: जो उजेड देतो तो पदार्थच स्वतः पूर्ण स्थिर नाही. त्याच्या लुकलुकीत आपण त्याच्या पृष्ठभागाची हालचाल पाहत असतो.

पवईचं पुढचं काम मला याहूनही विलक्षण वाटतं. २०१८ साली चौधुरी यांच्या गटाने पेरोव्हस्काइटचे मायक्रोमीटरएवढे, म्हणजे डॉटच्या मानाने अवाढव्य स्फटिक पाहिले. एवढ्या मोठ्या स्फटिकात उजेड देणाऱ्या जागा अगणित. प्रत्येक जण आपापल्या वेळी विझणार, म्हणून एकूण उजेड संथ राहायला हवा, असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही. अख्खा स्फटिक एकाच वेळी मंदावत होता आणि एकाच वेळी उजळत होता. आतले इलेक्ट्रॉन आणि होल इतके दूरवर फिरतात की कुठेतरी एका ठिकाणी उघडलेला एखादा सापळा सगळ्या स्फटिकाचा उजेड ओढून घेतो. पुष्कळ जण असले की चढउतार आपोआप एकमेकांत बुडून जातात, हे आपलं गृहीत तिथे चाललं नाही.

या सगळ्या शोधांची सुरुवात एकाच गोष्टीने झाली: कुणीतरी एका कणाकडे पाहिलं. बाटलीभर द्रावणात कोट्यवधी डॉट असतात आणि बाटली कधीच लुकलुकत नाही. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात काट्यावर चढवलेल्या ट्रकचं वजन अचूक येतं, पण त्या वजनावरून कोणती कांडी आतून पोकळ आहे ते कळत नाही. त्यासाठी कांडी मोडूनच पाहावी लागते. व्यापारी ते करतो. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही ते करत नाही.

हळदीवरून आठवलं. वर्गात प्रकाशाचं प्रकरण आलं की मी मुलांना घरून चिमूटभर हळद आणायला सांगते. ती स्पिरिटमध्ये घोळवून निवळ द्रावण काढायचं, खोली अंधारी करायची आणि नोटा तपासायची जांभळी टॉर्च त्यावर धरायची. पिवळं द्रावण हिरवट चमकतं. ज्या पिकावर घर चालतं त्यातला कुर्कुमिन प्रकाश घेतो आणि दुसऱ्या रंगाचा परत देतो, हे पाहून मुलं हरखतात. एकदा एका मुलीने विचारलं, “मॅडम, एकच रेणू पाहिला तर असाच चमकत राहील का?” मी तिला क्वांटम डॉटची गोष्ट सांगितली, आणि एकेकटे रंगद्रव्याचे रेणूही लुकलुकतात, मग कायमचे विझतात, हेही सांगितलं. तिचा प्रश्न मार्कांच्या कुठल्याही रकान्यात बसणारा नव्हता.

दुसरा प्रसंग प्रात्यक्षिकाचा आहे. पोटेन्शिओमीटरवर एका मुलाची रीडिंग मधूनच सरकायची. त्याने ती पुसून ‘बरोबर’ आकडे लिहिले, कारण परीक्षक वेडा आकडा दिसला की गुण कापतात हे त्याने मोठ्या भावाकडून ऐकलं होतं. मी त्याला पुसलेले आकडे आठवून वेळेसकट लिहायला लावले. शेजारची पिठाची गिरणी चालू झाली की विजेचा दाब पडायचा, एलिमिनेटरचा पुरवठा हलायचा, आणि रीडिंग सरकायचं. त्या मुलाने त्या दिवशी प्रयोगाच्या उद्देशापेक्षा मोठी गोष्ट शोधली होती आणि खोडरबराने ती पुसून टाकली होती.

आता दुधाळ्याकडे येऊ. औंढा नागनाथ तालुक्यातल्या या गावाजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत तत्त्वतः मान्यता मिळाली, २०२३ च्या एप्रिलमध्ये २,६०० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून लेझरचा प्रकाश जाऊन-येऊन त्यांच्या लांबीतला फरक मोजणार, तोही प्रोटॉनच्या व्यासापेक्षा हजारो पटींनी लहान. तिथे पेरोव्हस्काइट डॉट वापरणार नाहीत. दोन्ही गोष्टींचा थेट संबंध नाही. पण लायगोच्या माणसाचं रोजचं काम काय असतं? नोंदीतला प्रत्येक अनपेक्षित झटका कुठून आला ते ओळखणं. त्या झटक्यांना ते ग्लिच म्हणतात आणि त्यांच्या आकारावरून त्यांना नावं देतात, ‘ब्लिप’, ‘कोई फिश’, ‘व्हिसल’.

१७ ऑगस्ट २०१७ ची गोष्ट प्रत्येक विज्ञान शिक्षकाने वर्गात सांगावी अशी आहे. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची लहर त्या दिवशी पृथ्वीवर पोचली. लायगोच्या अमेरिकेतल्या लिव्हिंगस्टनच्या यंत्रात नेमका त्याच वेळी, आदळण्याच्या सेकंदभर आधी, एक मोठा ग्लिच आला. आपोआप चालणाऱ्या गाळणीने त्या यंत्राची नोंद बाजूला टाकली. पहिली सूचना लायगोच्याच हॅनफर्डच्या एकट्या यंत्रावरून निघाली. मग माणसांनी लिव्हिंगस्टनची टाकलेली नोंद उघडून पाहिली, तर ग्लिचच्या मागे लहरीची चढत जाणारी रेघ स्वच्छ दिसत होती. ती नोंद कुणी पुसून टाकली असती, तर तो स्फोट आकाशात नेमका कुठे झाला हे वेळेत शोधणं फार अवघड गेलं असतं.

जिल्ह्यात लायगोबद्दल जे बोललं जातं ते बहुतेक जमिनीचे भाव, रस्ते आणि नोकऱ्यांबद्दल. ते बोलणं रास्त आहे. इथल्या शेतकऱ्याने त्याचा हिशेब मांडायलाच हवा. पण आमची मुलं त्या कुंपणाच्या आत फक्त चौकीदार आणि चालक म्हणून जाणार असतील, तर ते मला मान्य नाही. आत जाऊन त्या नोंदी वाचणारी मुलं इथून तयार व्हायला हवीत, आणि ती तयारी बारावीच्या वहीतून सुरू होते. आणि संधी लायगोपुरतीच नाही: केंद्राने एप्रिल २०२३ मध्येच राष्ट्रीय क्वांटम मिशनलाही ६,००३ कोटी रुपये मंजूर केले. क्वांटम दळणवळणाला हवा असतो मागेल तेव्हा एकच फोटॉन देणारा स्रोत, आणि विझणारा डॉट नेमक्या वेळी दगा देतो. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठाच्या यितोंग डोंग यांच्या गटाने पृष्ठभागावर एकमेकांना चिकटून बसणारे रेणू वापरून पेरोव्हस्काइटचा डॉट सलग १२ तास जवळजवळ न लुकलुकता उजळत ठेवला. सैल रेणूंची जागा घट्ट रेणूंनी घेतली की विझणं थांबतं, याचा हा उघड पुरावा. पंचवीस-तीस वर्षं कुणीतरी विझण्याच्या नोंदी सांभाळल्या, म्हणून नेमकं कुठे बोट ठेवायचं ते कळलं.

याला एक आक्षेप मी नेहमी ऐकते: मराठवाड्यातल्या कित्येक शाळांना धड प्रयोगशाळा नाही, आधी ती द्या, मग नोंदींचं बोला. प्रयोगशाळा द्यायलाच हवी, त्यात वाद नाही. पण मी जे मागते त्याला पैसा लागत नाही. प्रात्यक्षिकाच्या वहीत सरासरीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना हवा: कोणतं रीडिंग वेगळं आलं, कधी आलं, आणि तुमच्या मते का. प्रात्यक्षिकाच्या ३० गुणांपैकी दोन-तीन गुण त्या रकान्याला द्यावेत. उत्तर चुकलं तरी चालेल. रीडिंग पुसलेलं मात्र चालणार नाही. परीक्षकांना तशा स्पष्ट सूचना मंडळाने द्याव्यात, नाहीतर मुलं पुसतच राहतील, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

दुसरी मागणी पुणे आणि पवईकडे. दर वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत हिंगोली जिल्ह्यातल्या पाचही तालुक्यांतल्या थोड्या मुलामुलींना आयसर आणि आयआयटीच्या प्रयोगशाळांमध्ये एक दिवस बसू द्यावं, एका डॉटचा आलेख पडद्यावर उतरताना पाहू द्यावा. जाण्यायेण्याचा खर्च जिल्हा परिषदेने उचलावा.

आणि तिसरी गोष्ट आम्हा शिक्षकांनी उद्यापासूनच करण्यासारखी आहे. ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ नावाचा उपक्रम २०१६ पासून सर्वसामान्यांना लायगोचे खरे ग्लिच दाखवतो आणि त्यांचे प्रकार ओळखायला सांगतो. तो इंटरनेटवर खुला आहे आणि इंग्रजीत आहे. शिक्षक शेजारी बसला तर अकरावीच्या मुलाला जमतं. लायगो-इंडिया २०३० पर्यंत पूर्ण करण्याचं नियोजन आहे. आज अकरावीत असलेली मुलं तोवर पदवी घेऊन बाहेर पडलेली असतील. माझ्या वर्गाने या सत्रात हा उपक्रम सुरू केला आहे, आणि शेजारच्या तालुक्यांतल्या ज्या शिक्षकांना तो करायचा असेल त्यांच्यासाठी मी मराठीतून टिपण तयार करते आहे.